कानाने वाचायचे पान (लेखांक ५)

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर. विंडोजवर जॉज आणि एनव्हीडीए, अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर ही त्यातली नेहमीची नावे. यांपैकी एनव्हीडीए मोफत मिळते. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने ते २००६ मध्ये लिहायला घेतले.

स्क्रीन रीडर पानाचे रूप पाहत नाही. तो पानामागची एचटीएमएल खुणांची मांडणी वाचतो आणि ती एकापाठोपाठ एक बोलत जातो. डोळस वाचक पानभर नजर फिरवून हवे ते क्षणात टिपतो. कानाने वाचणाऱ्याला ते एका ओळीत, क्रमाने मिळते. पान दिसायला कितीही देखणे असो, त्याच्या पोटात काय भरले आहे यावर सगळे ठरते.

मराठीत या पोटातल्या भानगडी जुन्या आहेत. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टंकला, तर डोळ्यांना मराठीच दिसते. संगणकाच्या लेखी मात्र ती ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे असतात. स्क्रीन रीडर इमानाने तीच वाचतो. युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा मिळाली होती, तरीही जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर आजही पीडीएफ होऊन संकेतस्थळांवर चढतो. सही-शिक्क्याच्या कागदाचे स्कॅन तर त्याहून वाईट. त्यात अक्षरे नसतातच, नुसते चित्र असते, आणि अक्षरओळख करून घेतल्याशिवाय त्यातून शब्द निघत नाही.

मजकूर युनिकोडमध्ये आला तरी तो कोणत्या भाषेचा, हे पानाने सांगावे लागते. हिंदी आणि मराठीची लिपी एकच. नुसत्या अक्षरांवरून भाषा ओळखता येतेच असे नाही. त्यासाठी पानाच्या सुरुवातीला भाषेचा संकेत द्यायचा असतो. मराठीसाठी तो ‘एमआर’. तो नसला किंवा इंग्रजीचा साचा जसाच्या तसा ठेवला, तर मराठी मजकूर भलत्याच आवाजाच्या हाती जाण्याचा धोका असतो. हिंदी आवाज ‘चारा’मधला च ‘चार’सारखाच उच्चारतो. मराठी लिहिताना दंत्य आणि तालव्य च वेगळे दाखवत नाहीत. तो फरक वाचणाऱ्याने शब्द ओळखून करायचा, म्हणून आवाजही मराठी शब्द जाणणारा लागतो. पानात मध्येच इंग्रजी उतारा आला तर त्याला त्याचा वेगळा संकेत द्यावा.

पुढचा प्रश्न पानात फिरण्याचा. एनव्हीडीए किंवा जॉज वापरणारा एच ही कळ दाबत मथळ्यावरून मथळ्यावर जातो. त्यासाठी मथळा मथळा म्हणूनच नोंदवलेला हवा. अक्षरे नुसती ठळक आणि मोठी करून भागत नाही. पानावरच्या दुव्यांची स्वतंत्र यादीही काढता येते. त्या यादीत ओळीने दहा वेळा ‘अधिक वाचा’ ऐकू आले, तर कोणता दुवा कोणत्या बातमीचा हे कळायला मार्ग नाही. अर्जातल्या रकान्याचेही तसेच: चौकटीशेजारी ‘आईचे नाव’ असे छापलेले असले, तरी ते लेबल चौकटीशी जोडलेले नसेल तर ‘संपादन, रिकामे’ एवढेच कानी पडण्याची शक्यता असते.

चित्रांना पर्यायी मजकूर लागतो, आणि तो लिहिणे हे संपादकाचे काम आहे, प्रोग्रामरचे नव्हे. पुराच्या बातमीतल्या छायाचित्राला ‘छायाचित्र’ म्हणणे फुकट. ‘पंचगंगेचे पाणी घाटाच्या पायऱ्यांवर’ म्हटले की काम झाले. निव्वळ शोभेच्या वेलबुट्टीचा पर्यायी मजकूर मुद्दाम रिकामा ठेवतात, म्हणजे स्क्रीन रीडर तिला वगळून पुढे जातो.

या सगळ्याचे निकष डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात आहेत, त्याची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंतची पोहोच हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण बँक-मोबाइलच्या केवायसीवरून उभे राहिले होते. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवण्याची अट ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्यांना आणि अंधांना पुरी करता येत नव्हती.

तपासणीची साधने अनेक आहेत, पण ती अर्धेच काम करतात. चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही एवढे ती सांगतात. त्या जागी कॅमेऱ्याने दिलेले फाइलचे नाव पडले असेल, तर काही साधने तेही पास करतात. म्हणून माऊस बाजूला ठेवून टॅब कळीने पूर्ण अर्ज भरून पाहणे आणि पडदा बंद करून पान ऐकणे, या दोन चाचण्या माणसालाच कराव्या लागतात. त्याही, शक्यतो, रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्याकडून. कारण डोळस माणसाला पान आधी पाहिल्यामुळे पुढे काय येणार हे ठाऊक असते.