हात मोकळे असावेत

सम्मेद शिखरजीच्या यात्रेची तिकिटे हाती आली, की घरोघरी माळ्यावरच्या मोठ्या बॅगा खाली उतरतात. ‘असू दे, लागले तर?’ या एका वाक्याने त्या भरत जातात. न खपणाऱ्या मालात किती भांडवल अडकले, याचा हिशेब दुकानात चोख ठेवणारा व्यापारी बॅगेत पडून राहणाऱ्या मालाचा हिशेब मात्र क्वचितच मांडतो.

रेल्वेच्या शयनयान वर्गात प्रत्येक प्रवाशास ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते. ही परवानगीची मर्यादा आहे, गरजेची नव्हे. पारसनाथ स्थानकावरील जिने, मधुबनकडे जाणारी मोटार, धर्मशाळेतील खोली. प्रत्येक टप्प्यावर तो बोजा कोणाला तरी उचलावाच लागतो. मुलाच्या दोन्ही हातांत बॅगा असतील, तर जिना उतरणाऱ्या वृद्ध आईचा हात कोणी धरायचा?

वीस तीर्थंकरांच्या निर्वाणाने पावन झालेल्या या पर्वताची वंदना सुमारे २७ किलोमीटरची आहे : ९ चढण, ९ टोंकांची परिक्रमा आणि ९ उतार. बहुतेक यात्रेकरू पहाटेपूर्वीच अनवाणी निघतात. हिवाळ्यात त्या वेळी थंडी बोचते, तर उतरताना ऊन लागते. म्हणून एका जाड कोटापेक्षा एकावर एक घालता येणारे पातळ कपडे बरे. जाड सुती चादर गाडीत पांघरूण होते, पहाटे शाल होते आणि घडी केली की उशी. पंचा अंग पुसण्यास व उन्हात डोक्यावर घेण्यास उपयोगी पडतो. लवकर वाळणारे दोन जोड बॅगेत आणि एक अंगावर, एवढे पुरे. पूजेची शुद्ध वस्त्रे स्वतंत्र पिशवीत असावीत. पाणी गाळण्याचे दुहेरी कापडही त्याच एका कामासाठी राखावे. चामड्याचा पट्टा व पाकीट घरीच राहू द्यावे. मधुबनात भोजनालये आहेत. त्यामुळे खाकरा-चिवडा गाडीतील प्रवासापुरताच घ्यावा.

काटकसर औषधांत मात्र करू नये. रोजच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्याव्यात आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी.

निघण्यापूर्वी तीन दिवस सारे सामान पलंगावर मांडावे. जी वस्तू रोज लागणार नाही किंवा दोन कामांस येणार नाही, ती बाजूला काढावी. मग ज्याची बॅग त्यानेच ती उचलून घराचा जिना दोनदा चढावा. दम लागला, तर पुन्हा उघडावी.

श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रहाचे परिमाण सांगितले आहे. मर्यादा संग्रहापूर्वी ठरवायची असते, नंतर नव्हे. बॅग भरणे हा त्याचाच छोटासा सराव होय. परतल्यावर न वापरलेल्या वस्तूंची यादी वहीत टिपून ठेवावी. पुढच्या यात्रेची बॅग तेथूनच हलकी होऊ लागते.