तरवडीची विनोदी पोथी

पुस्तक लिहिणे आणि पुस्तक काढणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, हे ज्याने पदरमोड करून आपले पहिले पुस्तक छापून घेतले असेल त्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्यातून ते पुस्तक विनोदी असले तर अडचण दुणावते. धर्मग्रंथाला दाता मिळतो, चरित्राला चरित्रनायकाचे आप्त मिळतात, क्रमिक पुस्तकाला शाळाखाते मिळते. थट्टेच्या पुस्तकाला मात्र आश्रयदाता मिळणे कठीण, कारण थट्टा बहुधा आश्रय देण्याजोग्या माणसाचीच केलेली असते! अशा लेखकाला एकच मार्ग उरतो. आपले आपण छापावे, आणि आपले आपण विकावे.

पुण्यामुंबईत हा मार्ग पुष्कळांनी चोखाळला. परंतु रेल्वेपासून दूर, एका लहानशा खेड्यात बसून तो चोखाळणारा लेखक अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात होऊन गेला. नेवासे तालुक्यातील तरवडी हे त्याचे गाव आणि मुकुंदराव गणपतराव पाटील हे त्याचे नाव. १८८५ ते १९६७ हा त्यांचा जीवनकाळ. 'दीनमित्र' हे साप्ताहिक त्यांनी १९१० साली सुरू केले. प्रारंभी सोमठाणे आणि नंतर तरवडी अशा खेड्यांतून ते निघत असे, आणि मुकुंदरावांच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे, ते चालले. पत्राबरोबर पुस्तकेही निघाली. 'होळीची पोळी', 'ढढ्ढाशास्त्री परान्ने', 'राष्ट्रीय तमासगीर', 'तोबा तोबा' ही नावे नुसती वाचली तरी लेखकाची प्रकृती ध्यानात येते. विद्वान म्हणून मिरवणाऱ्या शास्त्रीबुवांच्या नावातच 'ढ' दोनदा घालून ठेवावा आणि आडनाव 'परक्याच्या अन्नावर जगणारा' अशा अर्थाचे द्यावे, म्हणजे पहिले पान उलटण्यापूर्वीच निम्मे काम झाले!

हे धाडस त्यांच्या घरातच होते. सत्यशोधक चळवळीतील कृष्णराव भालेकर हे मुकुंदरावांचे जन्मदाते. भालेकरांनी १८७७ साली पुण्यास 'दीनबंधु' पत्र काढले, त्यापायी आर्थिक झीज सोसली, आणि १८८० साली ते मुंबईकरांच्या हाती गेले. ज्या गणपतराव पाटलांच्या घराण्यात मुकुंदराव दत्तक गेले त्या गणपतरावांनीही १८८८ साली 'दीनमित्र' याच नावाचे पत्र चालविले होते. एका घरात पत्र बुडालेले आणि दुसऱ्या घरात पत्र थांबलेले, असा हा दुहेरी वारसा. असा वारसा लाभलेला मनुष्य सहसा शहाणा होऊन शेती पाहू लागतो. मुकुंदराव झाले नाहीत.

स्वतःचे छपाईचे साधन नसले म्हणजे काय होते याचे उदाहरणही त्याच चळवळीत घडून गेले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ १८८३ साली लिहून पुरा केला. त्यातील पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु'त आली आणि पुढची छापण्याचे संपादकांनी थांबविले. मजकूर फारच जहाल वाटला. पत्र आपल्याच पंथाचे, संपादक आपलाच स्नेही, तरीही हात आखडला. पुढे जोतीरावांच्या हयातीत तो ग्रंथ पुस्तकरूपाने पुरा बाहेर पडलाच नाही. मुकुंदरावांनी आपल्या लेखनास 'आसुडाचे फटके' असा मथळा दिला, तेव्हा ही जुनी गोष्ट त्यांच्या मनात असली पाहिजे.

आता खेड्यात पत्र चालविणे म्हणजे प्रत्यक्ष काय असते, हे थोडे पाहू. प्रथम कायदा. १८६७ च्या कायद्याप्रमाणे छापणाऱ्याने आणि प्रसिद्ध करणाऱ्याने मॅजिस्ट्रेटपुढे जाहीरनामा करावयाचा, आणि प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व गाव घालावयाचे. मुकुंदरावांनी पत्र सुरू केले त्याच १९१० साली सरकारने नवा प्रेस अॅक्ट आणला. त्यात नव्या छापखानेवाल्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागण्याचा आणि मजकूर आक्षेपार्ह वाटल्यास तो जप्त करण्याचा अधिकार होता. हा कायदा १९२२ साली रद्द झाला. तोपर्यंत प्रत्येक लहान संपादकाच्या डोक्यावर ती टांगती तलवार होती.

मग खिळे. इंग्रजी मजकुराला सव्वीस अक्षरांची लहानमोठी रूपे आणि थोडी चिन्हे पुरतात. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे शेकडो निरनिराळे खिळे लागतात. ही संख्या कमी करावी म्हणून लोकमान्य टिळकांसारख्यांनीही डोके शिणविले होते. खिळा विकत घ्यावा लागतो, तो झिजतो, आणि नवा आणावयाचा म्हणजे शहर गाठावे लागते. लहान छापखान्यात खिळे बेताचेच असतात. म्हणून काही पाने जुळवावयाची, छापावयाची, मग सगळे खिळे सोडवून आपापल्या घरांत परत टाकावयाचे, तेव्हा कोठे पुढची पाने जुळवावयास घ्यावयाची. शे-सव्वाशे पानांचे पुस्तक अशा रीतीने महिनोन् महिने रेंगाळते. दर आठवड्याला पत्र वेळेवर टपालात पडलेच पाहिजे, ही टोचणी निराळीच. पहिल्या महायुद्धात कागद महागला तेव्हा मोठ्या पत्रांनीही पाने आवरली. खेड्यातल्या पत्राची काय कथा! वर्गणीदार शेतकरी असला तर त्याची वर्गणी पीकपाण्यावर अवलंबून, आणि नगर जिल्ह्याचे पर्जन्यमान सर्वांना ठाऊक आहे. नगरला छपाई नवी होती असे नव्हे. 'ज्ञानोदय' हे मराठी पत्र अमेरिकन मिशनने १८४२ सालीच त्या शहरातून सुरू केले होते. परंतु त्यामागे मिशनचे बळ होते. तरवडीच्या मागे तरवडीच होती.

तथापि या सगळ्या अडचणी पैशाने किंवा चिकाटीने सुटण्याजोग्या आहेत. खरी अडचण पुढेच आहे. १९११ च्या खानेसुमारीच्या सुमारास शंभरांत दहा माणसेसुद्धा साक्षर नव्हती आणि खेड्यातील कुणब्याच्या घरी तर त्याहूनही थोडी. ज्यांच्यासाठी पुस्तक काढावयाचे त्यांना ते वाचताच येत नाही! येथे मुकुंदरावांनी जी युक्ती योजिली ती मराठी विनोदाच्या इतिहासात नोंदण्यासारखी आहे. १९१३ साली त्यांनी 'कुलकर्णी लीलामृत' हे काव्य लिहिले. ते ओवीबद्ध आहे.

या नावाचा सूर ज्यांच्या घरी पोथी आहे त्यांच्या कानाला तत्काळ ओळखू येईल. श्रीधरस्वामींचे 'शिवलीलामृत' हे १७१८ चे. मुकुंदरावांच्या दुसऱ्या काव्याचे नाव 'शेटजी प्रताप' आणि श्रीधरांच्याच १७१२ च्या ग्रंथाचे नाव 'पांडवप्रताप'. खेड्यात चातुर्मास आला की देवळात किंवा एखाद्याच्या ओसरीवर पोथी लागते. एक वाचतो, वीस-पंचवीस ऐकतात. बाया दळण आटोपून येतात, म्हातारे भिंतीला टेकतात, आणि अध्याय संपेपर्यंत कोणी उठत नाही. निरक्षर गावात छापील शब्द पोहोचविण्याची ही व्यवस्था शतकानुशतके तयारच होती. तिला ना दुकान लागे, ना दलाल. मुकुंदरावांनी आपली थट्टा त्या व्यवस्थेच्या हवाली केली. एक प्रत गावात गेली की वाचणारा एक असला तरी पुरे.

ओवीचा आणखी एक गुण येथे उपयोगी पडतो. ग्रंथांतील ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड व मोकळा असतो. तीन चरण गंभीरपणे चढत जावे आणि चौथ्याने टाचणी टोचावी, याला ही रचना फारच सोयीची. हीच ओवी ज्ञानेश्वरांनी याच नेवाशात १२९० साली कशी वापरली हे सर्वश्रुतच आहे. तालुका एक, छंद एक. तेथे ब्रह्मनिरूपण, येथे गावच्या दप्तराचे निरूपण!

कुलकर्णी म्हणजे गावचा वंशपरंपरेचा लेखनिक. जमिनीचे कागद, साऱ्याचा हिशेब, पीकपाहणी, सगळे त्याच्या लेखणीत. अक्षरशत्रू रयतेच्या गावात ज्याच्या हाती दप्तर त्याच्या हाती गाव. कागदावर काय उमटले हे शेतकऱ्याला कळावयाचे ते कित्येकदा जप्ती आल्यावर. सावकाराच्या खतपत्राचीही हीच गत. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत रयत उठली तेव्हा तिने सावकारांची माणसे मारण्यापेक्षा कर्जरोखे हिसकावून जाळण्यावरच भर दिला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यानंतर १८७९ साली शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला. ज्या कागदाने घात केला तो जाळणे हा एक उपाय. त्याच कागदावर त्याची टवाळी छापून गावोगाव पाठविणे हा दुसरा. मुकुंदरावांनी दुसरा पत्करला.

त्यांचा विनोद नाजूक नाही, हेही म्हटले पाहिजे. तो चिमटा काढीत नाही, कोरडाच ओढतो. आणि कोरडा ओढताना एका व्यवसायातील बऱ्यावाईट सर्वांनाच एका ओळीत उभे करतो. व्यवस्थेवरचा राग व्यक्तीच्या जातीवर उतरतो तेव्हा विनोद कडवट होतो, आणि काही वेळा तो विनोद राहतच नाही. नगर जिल्ह्यानेच याला उत्तर दिलेले आहे. राहुरी तालुक्यातील ताहराबादचे महिपती, ज्यांचा १७६२ चा 'भक्तविजय' अजून घरोघर वाचला जातो, ते स्वतः गावचे कुलकर्णी होते. पुढे त्यांनी ती लेखणी टाकली आणि केवळ संतचरित्रांसाठीच लेखणी धरण्याची प्रतिज्ञा केली, असे सांगतात. म्हणजे पोथी लिहिणारा कुलकर्णी आणि कुलकर्ण्यावर पोथी लिहिणारा पाटील, दोघेही एकाच जिल्ह्याने दिले.

शहरातील विनोदाशी ताडून पाहिले म्हणजे मुकुंदरावांचे वेगळेपण स्पष्ट होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १९०२ पासून 'सुदाम्याचे पोहे' 'विविधज्ञानविस्तारा'च्या वाचकांना वाढीत होते. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या यांच्या तोंडून त्यांनी ज्या रूढींची रेवडी उडविली त्यांपैकी कित्येक मुकुंदरावांच्याही लक्ष्य होत्या. पुढे १९२५ साली केशवकुमारांची 'झेंडूची फुले' आली. ती फुले हुंगावयाची तर रविकिरण मंडळाच्या कविता आधी वाचलेल्या असाव्या लागतात. हे दोन्ही विनोद वाचकासाठी होते. तरवडीचा विनोद श्रोत्यासाठी होता. विनोदी वाङ्मयाच्या चर्चेत कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी यांची नावे क्रमाने येतात आणि मुकुंदरावांचे नाव बहुधा चळवळीच्या प्रकरणात ठेवले जाते, याचे कारण कदाचित हेच असेल. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले, त्यामुळे ते आता ज्याला हवे त्याला पाहता येते. तरवडीस त्यांच्या नावाने साहित्य पुरस्कारही दिले जातात.

कुलकर्णी वतन कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ सालीच काढून पगारी तलाठी नेमले होते. मुंबई राज्यात ते जाण्यास १९५० चा कायदा यावा लागला, आणि १ मे १९५१ पासून तो अमलात आला. त्या वेळी मुकुंदराव सहासष्ट वर्षांचे होते. पोथीचा नायक दप्तर ठेवून निघून गेला, तलाठी दप्तर उघडून बसला. आणि 'दीनमित्र' आणखी सोळा वर्षे तरवडीहून निघत राहिला.