गॉगल तांडेलाचाही

1 ऑगस्ट तोंडावर आला आहे. वर्सोव्याच्या जेट्टीवर होड्यांना नवे रंग लागलेत, जाळी शिवून झालीत, बर्फ आणि डिझेलचे हिशेब सुरू झालेत. पावसाळी बंदीचे 61 दिवस, घटलेली मासळी, डिझेलचा परतावा, एलईडी दिव्यांची मासेमारी यांवर दरवर्षीसारखं यंदाही भरपूर छापून आलं आहे आणि ते छापून यायलाच हवं. मी मात्र आज खलाशाच्या नाकावर नसलेल्या एका वस्तूबद्दल लिहिते आहे. गॉगलबद्दल.

मुंबईच्या उपनगरांत मासे धरणारे दोन जातींचे. एक हौशी: पवई तलावाच्या काठी किंवा मढच्या खडकांवर रविवारी गळ टाकून बसणारे. यांच्यात पोलराइज्ड गॉगलची चर्चा रीळ आणि दोऱ्याइतकीच रंगते. परदेशी काचा, पंधरा-वीस हजारांच्या फ्रेमा, कोणता रंग कोणत्या पाण्याला, हे सगळं त्यांना पाठ असतं. दुसरे पोटासाठी दर्यावर जाणारे. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराईचे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, आणि खलाशी वर्षाचे आठ-दहा महिने पाण्यावर असतात, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांवर काहीच नसतं. हाताचा पंजा कपाळाला लावून, डोळे बारीक करून पाहायचं, हीच रीत. गॉगल ही हौशी माणसाची वस्तू ठरली आणि ज्याचं आयुष्य पाण्याच्या चकाकीत जातं तो त्यातून वगळला गेला. मला हे खटकतं. शिवाय चांगला गॉगल महागच असतो हा समज खरा नाही.

पोलराइज्ड काच काय करते ते थोडक्यात सांगते. पाण्यावर आपटून परतणाऱ्या उजेडाची कंपनं बहुतांशी आडवी होतात. गॉगलमधला पापुद्रा आडवी कंपनं अडवतो आणि उभी आत सोडतो. परावर्तित उजेडाचा हा गुण 1808 मध्ये पॅरिसच्या एतिएन-लुई मालुसला सापडला. लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारं मावळतीचं ऊन तो स्फटिकातून पाहत होता. स्फटिक फिरवला की दिसणाऱ्या दोन प्रतिमांपैकी एक मंदावते, हे त्याच्या लक्षात आलं. पुढे अमेरिकेत एडविन लँडने स्फटिकाचं काम प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याकडून करून घेतलं, आणि 1937 मध्ये उभ्या राहिलेल्या त्याच्या पोलरॉइड कंपनीच्या पहिल्या मालांत गॉगलही होते. आज हजार रुपयांच्या गॉगलमध्ये असतो तो मुळात हाच पापुद्रा: ताणलेलं प्लास्टिक, त्यात आयोडीन किंवा रंग. त्यामुळे वीस हजारांच्या आणि हजाराच्या काचेतला फरक चकाकी कापण्यात फारसा नसतो. तो काचेच्या सुबकपणात, ओरखडे न पडण्यात आणि फ्रेमवरच्या नावात असतो.

ही चकाकी दिवसभर सारखी कापली जात नाही, हे मात्र विक्रेते सांगत नाहीत. पाण्याच्या बाबतीत सूर्य क्षितिजापासून साधारण 37 अंश वर असताना पापुद्रा सर्वांत चांगलं काम करतो. ऑगस्टमधल्या मुंबईत ही वेळ सकाळी नऊच्या आगेमागे आणि दुपारी साडेचारच्या सुमाराला येते. भर दुपारी, आणि विशेषतः मे महिन्याच्या मध्यावर व जुलैअखेरीस शून्य सावली दिवस येतो तेव्हा, सूर्य थेट डोक्यावर असतो आणि त्याची सरळ चमक या काचेला फारशी जुमानत नाही. मावळतीला सूर्य पाण्याला टेकू लागला की पुन्हा तेच. तेव्हा उरते ती काचेची काळोखी आणि टोपीचा काठ.

उपनगराची दिशाही इथे मोजावी लागते. वर्सोवा, मढ, गोराईची बोट सकाळी माल घेऊन परतते ती पूर्वेकडे तोंड करून, म्हणजे उगवत्या सूर्यासमोर. पाण्यावर पसरलेला तो चांदीचा पट्टा थेट तांडेलाच्या डोळ्यांत येतो. त्याच किनाऱ्यावर संध्याकाळी गळ टाकून बसलेला माणूस पश्चिमेला तोंड करून असतो. मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या बाजूला सगळं उलट. तिथे ठाण्याची खाडी पूर्वेला, त्यामुळे काठावरच्या माणसाला सकाळ छळते आणि संध्याकाळी ऊन पाठीवर असतं. गॉगल कोणत्या वेळेसाठी हवा हे त्यामुळे अंधेरीत एक आणि मुलुंडमध्ये दुसरं निघतं.

एक गैरसमज काढायलाच हवा. जाहिरातींत गॉगल लावताच नितळ ओढ्याच्या तळातला मासा दिसू लागतो. मालवण-तारकर्लीच्या पाण्यात असं काही दिसू शकेल. मालाडची खाडी, मनोरीची खाडी, ठाण्याची खाडी यांचं पाणी गाळाचं आहे. काच चकाकी काढते, चिखल काढत नाही. पवईत पाणी बरं असेल तेव्हा वर आलेला कटला किंवा रोहू आधी दिसेल, जलपर्णीच्या कडेला पडलेली मगरही वेळेवर दिसेल. खाडीत मात्र फायदा वेगळा आहे. डोल जाळ्याच्या बोया, तरंगता दोर, वाहत आलेला ओंडका, प्लास्टिकचा गुंता, ओहोटीला पाण्याखाली जेमतेम लपलेला खडक हे सगळं चकाकीत हरवतं. पंख्यात दोर अडकला की अख्खा दिवस जातो. तो दोर वीस हात आधी दिसला तर गॉगलचे पैसे त्याच फेरीत वसूल.

तरीही तांडेलाने गॉगल घ्यावा असं मी म्हणते, त्याचं खरं कारण चकाकी नाही.

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात चेसापीक नावाची मोठी खाडी आहे. तिथले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या कालवं आणि चिंबोऱ्या काढतात, म्हणजे आपल्या गोराई-मनोरीसारखंच. ह्यू टेलर या नेत्रतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथल्या 838 मच्छीमारांचे डोळे तपासले. नुसते तपासले नाहीत, तर कोण किती वर्षं, कोणत्या महिन्यांत, किती तास पाण्यावर होता, डोक्यावर टोपी होती का, डोळ्यांवर चष्मा होता का, हे विचारून प्रत्येकाच्या डोळ्यांत आयुष्यभरात किती अतिनील किरणं गेली असतील याचा हिशेब मांडला. 1988 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्याच्या डोळ्यांत यूव्ही-बी किरणं दुप्पट गेली होती, त्याला मोतीबिंदूच्या एका प्रकाराचा धोका 1.6 पट होता. हा प्रकार भिंगाच्या बाहेरच्या थरात सुरू होतो. भिंगाच्या गाभ्यात होणाऱ्या मोतीबिंदूशी मात्र संबंध दिसला नाही, आणि तेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिलं. म्हणूनच या अभ्यासावर माझा विश्वास बसतो. उन्हाने डोळे जातात असं सरसकट न म्हणता, कोणत्या उन्हाने डोळ्याच्या कोणत्या भागाचं काय होतं, हे त्यात आहे.

मला या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती त्याचा विषय. कुणीतरी मच्छीमाराच्या डोळ्यांना इतकं महत्त्व दिलं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकत येणारा मांसल पडदा वर्सोव्याच्या बाजारात फिरताना कितीतरी वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत दिसतो. डॉक्टर त्याला टेरिजियम म्हणतात आणि त्याचा ऊन-वाऱ्याशी संबंध सर्वमान्य आहे. कोळीवाड्यांत त्याकडे वयाचा भाग म्हणून पाहिलं जातं. तो वयापेक्षा धंद्याचा भाग आहे.

आता मुद्द्याची मेख. अतिनील किरणं अडवण्याचं काम पोलराइज्ड पापुद्र्याचं नाहीच. ते काचेच्या प्लास्टिकचं किंवा तिच्यावरच्या लेपाचं. त्यामुळे चकाकी कापणारा पण किरणं आत सोडणारा गॉगल असू शकतो, आणि काळीकुट्ट पण निरुपयोगी काचही असू शकते. तशी काच डोळ्यांची बाहुली मोठी करते आणि आत यायचं ते येऊ देते. म्हणून खरेदीत पहिला प्रश्न ‘यूव्ही400 आहे का’, दुसरा ‘कडेने ऊन येतं का’, आणि ‘पोलराइज्ड आहे का’ हा तिसरा. बाजारात हा क्रम नेमका उलटा लावला जातो.

दोन वर्षांपूर्वी एका स्टेशनाबाहेरच्या टपरीवर मी भावासाठी अडीचशे रुपयांचा गॉगल घेतला. त्यावर पोलराइज्ड आणि यूव्ही400 अशा दोन्ही चिकटपट्ट्या होत्या. घरी तपासला तर तो नुसता रंगीत प्लास्टिकचा निघाला. तेव्हापासून मी चिकटपट्टी वाचत नाही, काच तपासते. दुकानाबाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या पुढच्या काचेवरची चमक गॉगलमधून पाहायची आणि मान खांद्याकडे कलती करायची. मान सरळ असताना दबलेली चमक कलती केल्यावर उसळली पाहिजे. लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर गॉगल हळूहळू फिरवला तर कुठल्यातरी कोनात पडदा काळा पडतो. चाचणीचं छापील कार्ड दुकानदार दाखवतो, ज्यात काचेतून लपलेलं चित्र दिसतं, तेही खरंच असतं. पण त्यातून फक्त पोलराइज्डपणा कळतो, यूव्हीबद्दल काहीच नाही. त्यासाठी चष्म्याच्या दुकानातलं छोटं यूव्ही मोजायचं यंत्र लागतं. ओळखीचा चष्मेवाला अर्ध्या मिनिटात तपासून देतो.

फ्रेम गालाला आणि कपाळाला वळण घेऊन बसणारी हवी. पाणी स्वतः फार थोडी अतिनील किरणं परतवतं, दहा टक्क्यांहूनही कमी. फेस आणि कोरडी वाळू त्याहून जास्त परतवतात. बाकीची किरणं सगळ्या आकाशातून येतात, ढग असले तरी येतात. छोट्या गोल फॅशनेबल काचांच्या कडेने ती सरळ आत शिरतात. काच पॉलिकार्बोनेटची असावी. अडकलेला गळ सुटून शिशाचं वजन तोंडाकडे झेपावतं तेव्हा ती फुटत नाही. मागे दोरी हवीच, नाहीतर पहिल्याच वाकण्यात गॉगल दर्याला अर्पण.

रंगाचं शास्त्र हौशी मंडळी फार ताणतात. उघड्या समुद्रात राखाडी, खाडीच्या गढूळ पाण्यात आणि ढगाळ दिवसांत तपकिरी किंवा तांबूस, एवढं पुरे. आरशासारखा निळा-हिरवा मुलामा शोभेपुरता असतो. काचेची गडदता ‘कॅटेगरी 3’ घ्यावी. ‘कॅटेगरी 4’ लावून स्कूटर चालवत घरी येणं धोक्याचं आहे, कारण त्यातून आठ टक्क्यांहून कमी उजेड येतो.

ज्यांना नंबर आहे, आणि चाळिशीपुढच्या तांडेलाला तो असतोच, त्यांनी नंबरच्या महागड्या पोलराइज्ड काचांच्या मागे लागू नये. चष्म्यावर अडकवायची पोलराइज्ड पट्टी किंवा चष्म्यावरून घालायचा मोठा गॉगल पुष्कळ स्वस्तात मिळतो. यांत्रिक बोटीवरच्या लोकांनी एक गोष्ट बंदरातच तपासावी. जीपीएस आणि मासे शोधणाऱ्या यंत्राचे काही पडदे पोलराइज्ड काचेतून एका कोनात काळे दिसतात. आपल्या बोटीचा पडदा तसा असेल तर वेगळा गॉगल घ्यावा किंवा यंत्राचा कोन बदलावा. भर समुद्रात हे कळणं बरं नाही.

खारं पाणी सुकलं की काचेवर मिठाचे बारीक कण उरतात. शर्टाच्या टोकाने पुसलं की तेच ओरखडे पाडतात. आधी गोडं पाणी, मग पुसणं. आणि गॉगल इंजिनाजवळ किंवा उन्हात तापलेल्या फळीवर टाकू नये. उष्णतेने आतला पापुद्रा सुटतो, कडेला इंद्रधनुष्यासारखे डाग दिसू लागतात आणि त्यानंतर तो दुरुस्त होत नाही.

बोरिवली-अंधेरीतल्या खेळाच्या सामानाच्या आणि चष्म्याच्या दुकानांत या सगळ्या अटींत बसणारा गॉगल हजार ते दीड हजारात मिळतो. सवलतीच्या दिवसांत त्याहून कमीत.

जाळ्यात येणाऱ्या माकूलला, म्हणजे स्क्विडला, मात्र यातलं काहीच लागत नाही. माकूल आणि तिच्या जातीचे जीव प्रकाशाच्या कंपनांची दिशा डोळ्यांनीच ओळखतात. चांदीसारखा चमकून पाण्यात मिसळून जाणारा मासाही त्यांना त्यामुळे वेगळा दिसतो. लँडने कारखान्यात बनवलेली वस्तू माकूलच्या डोळ्यांत जन्मापासून आहे, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर थांबले होते.

मत्स्यव्यवसाय विभागाने लाइफ जॅकेटबरोबर प्रत्येक खलाशाला एक यूव्ही400 पोलराइज्ड गॉगल आणि काठाची टोपी द्यावी, आणि मच्छीमार संस्थांनी ती मागणी लावून धरावी. ठोक खरेदीत किंमत आणखी उतरेल. कोळी माणसाची लाल टोपी त्याचा अभिमान आहे, पण तिला काठ नाही. चेसापीकच्या हिशेबात चष्म्याबरोबर टोपीही धरली होती.

आणि मढ-गोराईच्या वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या, ओहोटीला खडकांवर कालवं फोडणाऱ्या बायकांना या यादीत कुणी धरतच नाही. बोंबील घालणारीला पोलराइज्ड काचेची गरज नाही, कारण तिच्यासमोर पाणी नसतं, आकाश आणि वाळू असते. तिला यूव्ही अडवणारा साधा गॉगल आणि रुंद काठाची टोपी पुरे. दोन्ही मिळून पाचशेच्या आसपास येतात.