एका वेळी एकच शत्रू

प्रोग्रॅमिंगच्या वर्गात नवी मुलं आली की मी त्यांना आधी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ खेळायला लावते. १९७८ साली जपानमध्ये टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी हा खेळ रचला. चित्रं, प्रोग्रॅम, इतकंच काय, यंत्राची जुळणीसुद्धा जवळजवळ एकहाती केली.

पडद्यावर पाच रांगांत अकरा-अकरा, असे ५५ परग्रहवासी असतात. ते आडवे सरकतात, कडेला पोचले की थोडं खाली उतरून उलटे फिरतात. खाली आपली तोफ आणि आडोशाला चार तटबंद्या. त्या शत्रूच्या माऱ्याने झिजतात, तशा आपल्या गोळ्यांनीही.

मुलं हमखास विचारतात, शत्रू कमी झाले की उरलेले इतके जोरात का पळतात? उत्तर आतल्या आठ बिटांच्या इंटेल ८०८० चिपपाशी आहे. पडदा सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगतो आणि दर वेळी या चिपला एकच शत्रू हलवणं झेपतं. ५५ जण असले की प्रत्येकाची पाळी यायला जवळपास सेकंद लागतो. एकटा उरला की प्रत्येक पाळी त्याचीच! जोडीला खर्जातले चार सूरही जलद वाजू लागतात आणि आपली छाती धडधडू लागते.

चिपची ही मर्यादा निशिकादोंनी लपवली नाही. तिलाच खेळाचा थरार बनवलं. माझ्या मते प्रोग्रॅमिंगचा याहून उत्तम पहिला धडा नाही. हाताशी जेवढं आहे, ते आधी नीट ओळखा.