आधी गुरांचे डॉक्टर, मग पीएच.डी.!

कोरोनाची लस जगभर पोचवणाऱ्या फायझरचे प्रमुख अल्बर्ट बोर्ला मुळात गुरांचे डॉक्टर आहेत, ठाऊक होतं? ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीच्या अ‍ॅरिस्टॉटल विद्यापीठात ते पशुवैद्यक शिकले, तिथेच प्रजननाच्या जैवतंत्रज्ञानात त्यांनी पीएच.डी. केली आणि १९९३ मध्ये ते फायझरच्या जनावरांच्या औषधांच्या विभागात रुजू झाले.

आपल्याकडे बी.व्ही.एस्सी. झालेल्या पोराने पीएच.डी.चं नाव काढलं की घरचे विचारतात, ‘आणखी किती वर्षं शिकणार बाबा?’ प्रश्न रास्त आहे. इंटर्नशिप धरून पदवीलाच साडेपाच वर्षं, मग एम.व्ही.एस्सी.ची दोन आणि त्यावर पीएच.डी. अमेरिकेत काही विद्यापीठांत दोन्ही पदव्या एकत्र करता येतात, तरी सात-आठ वर्षं जातातच. पण या दुहेरी डॉक्टरांचे पराक्रम ऐकलेत, तर घरचेच म्हणतील, शीक!

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे राल्फ ब्रिन्स्टर १९६० मध्ये पशुवैद्य झाले आणि १९६४ मध्ये पीएच.डी. उंदराचे कोवळे गर्भ काचेच्या बशीत वाढवायची पद्धत त्यांनी बसवली. १९८२ मध्ये रिचर्ड पामिटर यांच्यासोबत त्यांनी मोठ्या जातीच्या उंदराचं वाढीचं जनुक छोट्या जातीच्या उंदरात घातलं. काही पिल्लं भावंडांच्या जवळजवळ दुप्पट झाली! त्याच विद्यापीठातून जेम्स थॉमसन १९८५ मध्ये पशुवैद्य आणि १९८८ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचे पीएच.डी. झाले. मानवी भ्रूणातल्या मूलपेशी वेगळ्या करून प्रयोगशाळेत वाढवल्याचं १९९८ मध्ये जाहीर केलं ते यांनीच. त्याआधी हेच काम त्यांनी माकडांवर साधलं होतं.

अंतराळातही दुहेरी डॉक्टर पोचलाय. कॉर्नेलचे पशुवैद्य आणि कोलोराडोचे पीएच.डी. मार्टिन फेटमन १९९३ मध्ये कोलंबिया यानातून चौदा दिवस पृथ्वीभोवती फिरले. सोबतीला उंदीर होतेच.

नोबेल? तेही आहे. ऑस्ट्रेलियाचे पीटर डोहर्टी क्वीन्सलंडमध्ये पशुवैद्य झाले, एडिंबरामध्ये मेंढ्यांच्या मेंदूच्या रोगावर काम करून १९७० मध्ये पीएच.डी. झाले. पुढे कॅनबेरात रॉल्फ झिंकरनागेल यांच्याबरोबर त्यांनी दाखवून दिलं की आपल्या रोगप्रतिकारक टी-पेशी नुसता विषाणू ओळखत नाहीत. विषाणूची खूण आणि शरीराची स्वतःची खूण, दोन्ही एकत्र दिसल्या तरच त्या हल्ला चढवतात. १९९६ चं वैद्यकाचं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

आणि पशुवैद्यकातल्या संशोधनाची परंपरा तर आपल्या पुण्याचीही! देशातली पशुरोग संशोधनाची पहिली मोठी प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली. घातक जंतू भरवस्तीत नकोत म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलवली. तीच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था. तिने गुरांच्या ज्या बुळकांडीशी झुंज दिली, ती २०११ मध्ये जगातून हद्दपार झाली. देवीनंतर नामशेष झालेला हा दुसराच रोग.

माझ्या मते मात्र या सगळ्यांत मोठं काम लिंडसे ओक्स यांचं. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातले हे पशुवैद्य पीएच.डी.ही होते. नव्वदच्या दशकात भारतीय उपखंडातली गिधाडं पटापट मरू लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर जवळजवळ संपलीच. मुंबईत पारशी जिथे मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात, त्या डुंगरवाडीचं आभाळ रिकामं झालं. ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडं उघडली, तर काळजा-मूत्रपिंडांवर चुन्यासारखा पांढरा थर. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर साठलेलं युरिक आम्ल होतं ते. विषाणू तपासले, जीवाणू तपासले, कीटकनाशकं आणि जड धातूही तपासले. काहीच हाती लागेना. मग त्यांनी एक अस्सल गुरांच्या डॉक्टरचा प्रश्न विचारला: ही गिधाडं ज्या ढोरांवर जगतात, त्या ढोरांना हल्ली कोणतं औषध टोचतात? उत्तर निघालं डायक्लोफेनॅक, तेच आपलं दुखण्यावरचं औषध! हा थर असलेल्या २५ च्या २५ गिधाडांत ते सापडलं. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. प्रश्न गोठ्यातला, पुरावा प्रयोगशाळेतला; एकाच माणसाकडे दोन्ही होतं म्हणून कोडं सुटलं.

हा शोध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकचीही पाळी आली. गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम बाजारात मिळतं. तुमच्या गोठ्यात एखादी गाय लंगडली, तर डॉक्टरांकडे त्याचीच चौकशी करा.