सर्व्हर झोपला तरी चालेल, पण हाक ऐकू आली पाहिजे

या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात जे घाईत होऊन गेलं, ते इथं जरा नीट लावून घेतलंय. भाषा मात्र तीच ठेवलीय.

विषय आहे घरचा मीडिया सर्व्हर. म्हणजे एक जुना डेस्कटॉप, त्यात दोन हार्ड डिस्क, त्यावर जेलीफिन, आणि तिथून टीव्हीवर किंवा मोबाईलवर पिक्चर, गाणी, घरचे व्हिडिओ. आमच्या कोल्हापूरच्या घरी असा एक आहे. आईबाबांच्या लग्नाच्या कॅसेटपासून आजीच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या ओव्यांपर्यंत सगळं त्याच्यावर आहे. प्रश्न एवढाच, की हे यंत्र चोवीस तास चालू ठेवायचं का?

आधी हिशोब

माझं मशीन काहीही काम नसताना ४० वॉट खातं. म्हणजे दिवसाला ०.९६ युनिट, महिन्याला साधारण २९ युनिट. झोपेत तेच ३ वॉटवर येतं. रोज ५ तास वापर आणि १९ तास झोप धरली, तर महिन्याचा खर्च ८ युनिटच्या आत बसतो. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंत एक टप्पा आणि १०१ ते ३०० ला त्याहून महाग टप्पा असतो. तुमचा वापर शंभरच्या आसपास असेल, तर सर्व्हरचे हे २१ जादा युनिट नेमके महाग टप्प्यात जाऊन बसतात.

पण बिल हे अर्धंच कारण आहे. रात्री कोपऱ्यात दिवा लुकलुकताना दिसला, की बाबांचा हात आपसूक बोर्डाकडं जातो. "कोण बघत नाही तर चालू कशाला?" म्हणणं बरोबरच आहे. फक्त डिस्कवर काही लिहिलं जात असताना बटण बंद झालं, तर फाईल खराब होऊ शकते. म्हणून मशीन स्वतःहून झोपलं पाहिजे, आणि घरातल्या कुणालाही ते उठवता आलं पाहिजे. दोन्ही जमलं तरच घरचे लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात.

झोप म्हणजे नक्की काय

संगणकाच्या झोपेला क्रमांक आहेत. एस-३ म्हणजे आपली नेहमीची स्लीप: प्रोसेसर आणि डिस्क बंद, पण मेमरीला वीज चालू. उठायला काही सेकंद लागतात. एस-४ म्हणजे हायबरनेट: मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवून वीज बंद. एस-५ म्हणजे शटडाऊन. या तिन्ही अवस्थांत पॉवर सप्लाय थोडी वीज देत राहतो, आणि त्या विजेवर नेटवर्क कार्ड एक कान उघडा ठेवू शकतं.

तो कान एकच हाक ओळखतो, तिचं नाव मॅजिक पॅकेट. हे तंत्र एएमडी आणि एचपी यांनी मिळून आणलं, १९९५ साली. रचना अगदी साधी आहे. सुरुवातीला सहा बाइट, प्रत्येकात २५५ हा आकडा. त्यानंतर त्या कार्डाचा सहा बाइटचा मॅक पत्ता, लागोपाठ १६ वेळा. एकूण १०२ बाइट. कार्डाला आपला पत्ता असा सोळा वेळा दिसला, की ते मदरबोर्डला उठवतं.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, या हाकेला उत्तर येत नाही. हाक पोचली की नाही, हे मशीन उठल्यावरच कळतं. दुसरी, ही हाक आयपी पत्त्यावर न पाठवता ब्रॉडकास्ट करायची, म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांना ऐकू जाईल अशी. झोपलेलं मशीन "हा आयपी माझा" असं सांगू शकत नाही. राउटरला काही मिनिटं ते आठवत असतं, मग तो विसरतो. "झोपवल्यावर लगेच उठतंय, पण तासाभरानं उठत नाही" ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते.

सेटिंग तीन ठिकाणी

पहिलं बायॉस. तिथं वेक ऑन लॅन किंवा पॉवर ऑन बाय पीसीआय-ई चालू करा. ईआरपी नावाचा पर्याय असेल तर बंद करा. बंद उपकरणांनी कमीत कमी वीज खावी अशा युरोपीय नियमासाठी तो आलाय, आणि तो चालू असला की शटडाऊननंतर नेटवर्क कार्डाची वीजच तुटते.

दुसरं ऑपरेटिंग सिस्टम. लिनक्सवर ईथटूल या कमांडनं बघा: वेक-ऑनसमोर डी हे अक्षर असेल तर कान बंद, जी असेल तर मॅजिक पॅकेटसाठी उघडा. रीस्टार्टनंतरही जी टिकतंय का, ते तपासा. विंडोजवर फास्ट स्टार्टअप बंद करा आणि कार्डाच्या सेटिंगमध्ये फक्त मॅजिक पॅकेटवरच उठायची परवानगी द्या. नाहीतर घरातला टीव्ही नेटवर्कवर सहज डोकावला, तरी सर्व्हर मध्यरात्री उठून बसतो.

तिसरं वायर. सर्व्हर लॅन केबलनंच जोडा. वाय-फायवरून उठवणं सगळ्या कार्डांना जमत नाही. आता सोपी परीक्षा: मशीन झोपवा आणि मागं लॅन पोर्टचा दिवा बघा. दिवा पूर्ण विझला असेल, तर बहुतेक कानच बंद आहे.

कधी झोपायचं, हे अवघड

उठवण्यावर सगळे मेहनत घेतात, पण घरात वाद होतो तो झोपण्यावरून. साधा संगणक कीबोर्ड-माऊस हलत नाही हे बघून झोपतो. सर्व्हरला कीबोर्डच नसतो. आजी टीव्हीवर नाटक बघत असते आणि ऐन रंगात मशीन डुलकी काढतं!

म्हणून मी दर १० मिनिटांनी चालणारी छोटी स्क्रिप्ट ठेवलीय. ती विचारते: जेलीफिनवर कुणी काही बघतंय का? शेअर केलेल्या फोल्डरमध्ये कुणी फाईल उघडलीय का? बॅकअप किंवा डाऊनलोड चालू आहे का? सलग तीन वेळा सगळ्याला "नाही" उत्तर आलं, तरच झोप. म्हणजे अर्धा तास. यापेक्षा घाई नको, कारण डिस्कला सारखं थांबणं-फिरणं मानवत नाही. रात्रीच्या बॅकअपसाठी आरटीसी-वेक वापरा. मदरबोर्डवरचं घड्याळ ठरल्या वेळी मशीन उठवतं.

वीज गेल्यावर

स्लीपमध्ये असताना वीज गेली तर मेमरीतलं सगळं जातं. आणि वीज परत आल्यावर काही मदरबोर्डांवर नेटवर्क कार्ड बहिरंच राहतं, मशीन एकदा चालू होईपर्यंत हाक ऐकत नाही. यावर उपाय बायॉसमध्ये आहे: वीज परत आल्यावर पॉवर ऑन. मशीन चालू होईल, कान उघडेल, आणि कुणी वापरत नसेल तर अर्ध्या तासात स्क्रिप्ट पुन्हा झोपवेल.

यूपीएस असेल तर अजून एक खाच आहे. बॅटरी संपत आली की शटडाऊन करणारं सॉफ्टवेअर सर्व्हरवरच चालतं. सर्व्हर झोपला की तेही झोपतं. त्यामुळं झोपण्याआधी डिस्कवरचं लिखाण पूर्ण करून घेणं महत्त्वाचं. आणि राउटरलाही यूपीएसवर घ्या, नाहीतर हाक मारणार कुठून? २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूरच्या बऱ्याच भागांत वीज बंद राहिली. अशा वेळी झोपबिप नको. सरळ शटडाऊन करा, प्लग काढा आणि मशीन उंचावर ठेवा.

घरच्यांसाठी

कोडीमध्ये सर्व्हरला हाक मारायची सोय आतच आहे. बाकी टीव्ही ॲपं ती मारतीलच असं नाही. म्हणून आईच्या मोबाईलच्या पहिल्याच पानावर मॅजिक पॅकेट पाठवणारं बटण ठेवलंय आणि त्याला नाव दिलंय "सर्व्हर उठव". दाबायचं, अर्धा मिनिट थांबायचं, मग टीव्ही लावायचा. मोबाईल सापडत नसेल तर डब्यावरचं पॉवर बटण एकदा दाबायचं, तेही चालतं.

बाहेरगावाहून उठवायचं असेल तर राउटरचे पोर्ट उघडे टाकू नका. घरात कायम चालू असणारं एखादं लहान उपकरण, जसं रास्पबेरी पाय, ठेवा. व्हीपीएननं त्याच्यापर्यंत जा आणि हाक त्याला मारू दे.

सगळं लावून झालं की एकच चाचणी घ्या. तुम्ही ऑफिसला असताना घरच्यांनी तुम्हाला फोन न करता सर्व्हर उठवून काहीतरी बघितलं पाहिजे. तेवढं झालं, की बाबांचा हात बोर्डाकडं जात नाही. तुमच्याकडं काय जुगाड आहे ते कळवा, पुढच्या भागात घेऊ. भेटू!