एक ब्रास पोकळी

दहा लिटरची बादली घ्या आणि तीत काठोकाठ खडी भरा. वरून फळी फिरवून सपाट करा. आता या ‘भरलेल्या’ बादलीत मापाने पाणी ओतत जा. साधारण चार लिटर मावतं! बादली रिकामी करून हाच खेळ कोरड्या रेतीवर करा. रेतीचे कण केवढे बारीक, एकमेकांना केवढे खेटून बसलेले. लिटरभर पाणी मुरलं तरी डोक्यावरून पाणी, असं आपल्याला वाटतं. पण रेतीही जवळजवळ तितकंच पाणी पिऊन टाकते.

याचं कारण सोपं आहे आणि तरीही पटायला वेळ लागतो. ढिगातली पोकळी कणांच्या आकारमानावर ठरत नाही. कण कशा घडणीचे आहेत आणि एकमेकांत कसे बसलेत, यावर ठरते. रेतीच्या ढिगाचा फोटो शंभरपट मोठा केला तर तो खडीच्या ढिगासारखाच दिसेल. दगडाचा वाटा तेवढाच, हवेचा वाटा तेवढाच. म्हणजे बोरिवलीच्या बंगल्यासाठी किंवा मुलुंडच्या सोसायटीतल्या बागेसाठी आपण टेम्पोभर खडी मागवतो, तेव्हा पैसे दगडाचे मोजतो आणि टेम्पोत निम्म्याला थोडी कमी हवा येते. आणि बागेच्या कामाची असते ती मुख्यतः ही हवाच.

दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, “किती ब्रास?” ब्रास म्हणजे 100 घनफूट: दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट उंच असा ढीग. सिमेंटच्या गोणीत सव्वा घनफूट माल मावतो, म्हणून एका ब्रासमध्ये अशा ऐंशी गोण्या बसतात. खडी असेल तर तिचं वजन चार टनांच्या वर जातं. आता आपली गरज पाहा. तीन फूट रुंद, वीस फूट लांब पायवाटेवर चार इंच खडी टाकायची तर लागते फक्त वीस घनफूट, म्हणजे सोळा गोण्या. अख्खा ब्रास मागवला, तर उरलेल्या चौसष्ट गोण्यांचा ढीग पार्किंगमध्ये बसतो आणि सेक्रेटरींचा फोन येतो.

याच हिशेबात एक फसगत दडलेली आहे. एक ब्रास खडी आणि एक ब्रास रेती एकत्र केली तर दोन ब्रास होत नाहीत. रेती खडीच्या पोकळीत उतरते आणि ढीग बराच कमी भरतो. म्हणूनच पायवाटेसाठी एकाच मापाची, दहा-बारा मिलिमीटरची, चूर नसलेली खडी मागावी. ‘एक नंबर’, ‘दोन नंबर’ म्हणण्यापेक्षा मिलिमीटरमध्येच सांगितलेलं बरं. चूर मिसळलेला माल पोकळ्या बुजवून घट्ट बसतो. पेव्हर ब्लॉकखाली तो उत्तम, पण पाणी मुरवायचं असेल तर नको. स्वच्छ खडीचा चार इंचांचा थर आपल्या पोकळीत 40 मिलिमीटर पाऊस धरू शकतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा दिवसापुढे हा आकडा किरकोळ आहे. पण रोजच्या जोरकस सरीला अंगणातच थोपवायला तो पुरतो, आणि सिमेंटच्या कोब्यात तेवढीही सोय नसते.

रेतीची फसगत पावसाळ्यात आणखी वाढते. जुहू चौपाटीवर पोरं ओल्या वाळूचे किल्ले करतात. कोरड्या वाळूचा किल्ला उभा राहत नाही, लाट आली की ओलाही ढासळतो. मधल्या ओलीत मात्र कणाकणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि त्याच्या ताणामुळे कण एकमेकांना धरून राहतात. कण धरले गेले, की नीट खाली बसत नाहीत. रेती फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओल असली तर तिचं घनफळ पाव हिश्श्याने, बारीक रेतीचं त्याहूनही अधिक वाढतं. म्हणजे दमट रेतीचा ब्रास घेतला तर रेती ऐंशी घनफूट, बाकी फुगवटा! तपासायची रीत घरगुती आहे. पातेलंभर दमट रेती बाहेर काढा, पातेल्यात निम्मं पाणी घ्या आणि रेती हळूहळू परत सोडून ढवळा. पूर्ण भिजली की पापुद्रे नाहीसे होतात आणि रेती जितकी खाली बसते, तितकी आपण हवा विकत घेतली होती.

ही रेती पूर्वी खाडीतून यायची. मुंब्र्याजवळच्या रेती बंदराच्या नावातच तो धंदा आहे. खाडीच्या रेतीत मीठ असतं, न धुता झाडांना घातली तर मुळं पाण्यात उभी राहूनही तहानलेली राहतात. पुढे 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेती उपशावर बंदी घातली. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. मग काळा दगड फोडून केलेल्या रेतीला, क्रश सँडला, भाव आला. नदीत घरंगळलेला कण गोलसर असतो, क्रशरमधला कोनेदार. कोनेदार कण एकमेकांत अडकून पक्के बसतात. उपशावर असे निर्बंध आले, म्हणून रेती घेताना गाडीचा वाहतूक पास मागायलाही लाजू नये.

तो काळा दगड म्हणजे बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास थिजलेला लाव्हा. अंधेरीत इमारतींच्या गराड्यात उभा असलेला दोनशे फुटी गिल्बर्ट हिल त्याचाच. लाव्हा थंड होताना आकसला, त्याला उभे तडे गेले आणि खांबांची जुडी बांधून ठेवावी तसा डोंगर तयार झाला. खाणकामाने आजूबाजूचा दगड गेला, एवढा सुळका आणि माथ्यावरची गावदेवी उरली. 2007 मध्ये त्याला वारसा दर्जा मिळाला. बाकीचा दगड खडी होऊन आपल्या स्लॅबांमध्ये बसलाय.

दगड फोडण्याचं काम पाऊसही करतो, फक्त निवांतपणे. बेसाल्ट कुजला की मुरूम होतो, मुरूम कुजला की माती. घाटावर पाऊस कमी, तिथे त्याची भेगाळणारी काळी माती झाली. कोकणात धो-धो पावसाने सिलिका, चुना वाहून नेला, मागे राहिलं लोह. ते गंजलं आणि नर्सरीत गोणीने मिळणारी लाल माती झाली. काळी आणि तांबडी, दोघी एकाच खडकाच्या लेकी.

पण दगड बारीक होताना नक्की काय वाढतं? दोन सेंटिमीटरचा घनाकृती खडा घ्या. त्याचं सगळं बाह्यांग 24 चौरस सेंटिमीटर, डाकेच्या दोन-तीन तिकिटांएवढं. त्याचे चिकणमातीच्या कणाएवढे, म्हणजे दोन सहस्रांश मिलिमीटरचे, तुकडे केले तर सगळ्यांचं मिळून बाह्यांग होतं 24 चौरस मीटर. म्हणजे 258 चौरस फूट! मुंबईच्या भाषेत सांगायचं तर एका खड्याच्या पोटात वन रूम किचन, तेही कार्पेट. पाणी आणि खत या भिंतींना धरून राहतं. म्हणून पोकळी सारखी असूनही खडीतलं पाणी झरझर निघून जातं आणि मातीतलं दिवसेंदिवस टिकतं.

इथेच एक जुनी समजूत कोसळते. कुंडीच्या तळाशी खडी घातली की निचरा चांगला होतो, असं आपण ऐकत आलोय. पण मातीच्या अरुंद पोकळ्या पाण्याला घट्ट धरतात. खालच्या खडीच्या रुंद पोकळीत ते सहजासहजी उतरतच नाही. माती चिंब झाली की मगच पाणी गळू लागतं. तळाशी राहणाऱ्या चिखलाची उंची मातीवर ठरते, त्यामुळे खडी घातल्याने तो चिखल उचलून मुळांजवळ येतो. कुंडीला भोकावर जाळीचा तुकडा पुरे. निचरा हवा तर शेणखत, कोकोपीट, थोडी जाड रेती मातीतच मिसळावी.

माती घेताना मूठभर नमुना काचेच्या बरणीत पाण्यासोबत हलवून ठेवा. मिनिटभरात रेती तळ गाठते, गाळ काही तासांनी, चिकणमाती दुसऱ्या दिवशीही तरंगत असते. कण निम्मा झाला की बुडायला चौपट वेळ लागतो. खोदकामातून आलेली भरणीची माती असेल, तर विटांचे, प्लास्टरचे तुकडे बरणीच लपू देत नाही.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी मात्र पोकळीला भ्यावं. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक दर चौरस मीटरला दीडशे किलो भार धरतं, म्हणजे चौरस फुटाला सुमारे चौदा. फूटभर मातीच्या नुसत्या पोकळीत पाणी भरलं, तरी त्या पाण्याचंच वजन चौरस फुटाला अकरा किलोच्या घरात जातं. माती धरून ते पन्नासच्या आसपास पोचतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय गोणी वर चढवू नये.

खडी आली की एक करा. ढिगातले पाच-सहा खडे धुऊन उन्हात निरखा. एखाद्यात पांढरा, चमकता ठिपका सापडू शकतो. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे पाझरणाऱ्या पाण्याने त्यांत स्फटिक भरले. कांदिवली-मालाडच्या खाणींतल्या अशाच पोकळ्यांतले प्रेहनाइट आणि ओकेनाइट जगभरच्या संग्राहकांनी जपून ठेवले आहेत. कणांमधली हवा टेम्पोतून आली, ती उद्या पावसाने भरेल. हा ठिपकाही एकेकाळची हवाच. तिला भरायला पाण्याला जरा जास्त वेळ मिळाला, इतकंच.